मागावरची आस

काचेच्या चकतीकडे बघायचं नसतं, तिच्यावरून सरकणाऱ्या उजेडाकडे बघायचं असतं. हे अंजूला शिकवावं लागलं नाही. नागपुरात गोळीबार चौकातल्या कोष्ट्याच्या घरात अठरा वर्षं नांदलेली बाई ती. तुटका धागा कापडात शोधून सापडत नाही, कापड खिडकीसमोर धरलं की तो आपण होऊन पुढे येतो, हे तिला लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. म्हणून बुटीबोरीच्या त्या कारखान्यात बाकीच्या बायकांना तीन महिने ट्रेनिंग लागलं आणि अंजूला तीन दिवस पुरले.

कारखान्यात काचेच्या चकत्या व्हायच्या. अडीच इंच रुंद, जाडीला लग्नपत्रिकेएवढ्या, मधोमध एक गोल भोक. सगळ्या जगाचे फोटो आणि कागदपत्रं ज्या डब्यांत साठवून ठेवतात, त्या डब्यांच्या पोटात या चकत्या गरगर फिरतात. इथून जाताना मात्र त्या कोऱ्या असतात. काच वितळवायची, दाबायची, भोक पाडायचं, कडा घासायच्या, मग तांबूस पावडरच्या पाण्यात पॉलिश करायचं, धुवायचं, पुन्हा धुवायचं. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर पहिली चकती आणि लाखावी चकती यांत देवालाही फरक सांगता येऊ नये. आणि तो सांगता येतो का हे बघायला शेवटी अंजू बसलेली.

तिची जागा काळ्या पडद्याच्या खोपट्यात. वर एक पांढरा दिवा. अंगावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, टोपी, तोंडावर मास्क, उघडे फक्त डोळे. आत गेलं की साहेब कोण आणि फरशी पुसणारा कोण, हे चालीवरूनच ओळखायचं. पंचवीस चकत्यांची एक कॅसेट. चकती चिमट्यानं उचलायची, दिव्याखाली तिरपी करायची, या बाजूला सहा सेकंद, त्या बाजूला सहा सेकंद. चांगली असेल तर परत कॅसेटमध्ये, नाहीतर लाल डब्यात. लाल डबा शिफ्ट सुटताना चुऱ्याच्या यंत्रात रिकामा व्हायचा. नियम एकच : शंका आली की बाद. अंजू डोळ्यांत तेल घालून बघायची आणि कोणाची भीड ठेवायची नाही. शेजारच्या खोपट्यातली देवकी म्हणायची, “अंजूताईच्या हातून चकती पास होणं म्हणजे जुन्या जमान्यात पोरगी पसंत होणं.”

पण अंजू या कारखान्यात नोकरीसाठी आली नव्हती. खरं सांगायचं तर नवऱ्याला शोधायला आली होती.

भूपेश इथेच पॉलिशिंगला होता. तीन वर्षांपूर्वी एप्रिलातल्या एका मंगळवारी सकाळी सहा बावन्नला गेटच्या मशीनला कार्ड लावून तो आत गेला. कामावर उभा राहिला, सगळ्यांबरोबर चहा प्याला, पुन्हा कामावर गेला. शिफ्ट सुटली तेव्हा नव्हता. चपला कपाटात तशाच, डबा तसाच, डब्यात उरलेली अर्धी पोळी. गेटवर आत गेल्याची नोंद होती, बाहेर पडल्याची नव्हती. पोलीस आले, मागचं पाण्याचं टाकं उपसलं, छतं पाहिली, कॅमेरे पाहिले. कंपनी म्हणाली, गेटचं मशीन चुकलं असेल. भाऊबंद म्हणाले, कंटाळून गेला असेल कुठेतरी, मूलबाळ तर नाहीच. अंजूचं म्हणणं सरळ होतं. माणूस आत गेला आणि बाहेर आला नाही, म्हणजे तो आत आहे. वर्षभरानं तिनं त्याच कारखान्यात अर्ज टाकला. तेव्हापासून ती रोज त्याच गेटनं आत जात होती. पॉलिशिंगचा हॉल तिच्या काळ्या पडद्यापासून चाळीस पावलांवर होता.

घरी आता ती आणि सासरे ईश्वरदास, दोघंच. ती त्यांना मामाजी म्हणायची. मामाजींचं वय शहात्तर, डोकं साफ टक्कल, डोळ्यांपुढे नुसतं धुकं. वेळ कळावी म्हणून भूपेशनं त्यांना सीताबर्डीतून एक बोलणारं घड्याळ आणून दिलं होतं. बटण दाबलं की एक बाई हिंदीत वेळ सांगायची आणि मामाजी दर खेपेला तिला “हो बाई” म्हणायचे.

आणि घरात माग होता. गल्लीतला शेवटचा. कारखान्यातून आल्यावर भूपेश संध्याकाळी त्यावर बसायचा, अंगातली खोड म्हणून. करवतकाठी लुगडं मागावर होतं, निम्मं झालेलं. करवतकाठी म्हणजे ज्याच्या काठाला करवतीसारखे दात असतात ते. भूपेश डावखुरा, त्यामुळे त्याचा प्रत्येक दात किंचित डावीकडे कलायचा. गाठ मारली तरी तिचं शेपूट डावीकडे. लहानपणी त्यापायी मामाजींनी त्याच्या हातावर फटके दिले होते, पण दात काही सरळ झाले नाहीत. अंजू आतून हाक मारायची, “चहा झाला.” तो मान वर न करता म्हणायचा, “एवढा दात होऊ दे वं, मंग उठतो.” चहा रोज निवायचा. ती रोज चिडायची. आता तिला वाटायचं, निवलेल्या चहावर चिडता येणं हेच सुख होतं, आणि ते आपल्याला तेव्हा कळलं नाही.

या घरात आणखी एक रीत होती, ती सांगितली पाहिजे. मागावरचे उभे धागे म्हणजे ताणा. लुगडं संपत आलं तरी तो पार शेवटपर्यंत विणायचा नाही. वीतभर धागे सोडायचे आणि पुढचा ताणा त्या धाग्यांना एकेक गाठ मारून सांधायचा. मग माग कधी उघडा पडत नाही. त्या वीतभर धाग्यांना हे लोक आस म्हणत. मागावर आस राखावी, असं मामाजींचे वडील सांगायचे. ती कापायची फक्त विणकर गेल्यावर. मामाजींनी स्वतः आपल्या वडिलांची आस कापून चितेवर ठेवली होती. भूपेशला या शब्दाचं भारी कौतुक. एकदा त्यानं कारखान्यातली बाद चकती आणून भोकातून अंजूकडे पाहिलं होतं. “हिच्यातबी आस असते वं,” तो म्हणाला होता. “आसावरच फिरते ही जिंदगीभर.”

वर्ष झाल्यावर भाऊबंदांनी सुचवलं, माग मोडा, जागा मोकळी करा. अंजूनं घरातली मोठी कात्री उचलली आणि सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवून दिली.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. सकाळच्या चहाच्या सुट्टीआधीची शेवटची चकती तिनं उचलली आणि दिव्याखाली तिरपी केली. भोकाच्या कडेला एक रेष दिसली. चरा म्हणावा तर चरा चमकतो आणि चकती फिरवली की नाहीसा होतो. ही रेष गेली नाही. ती काचेवर नव्हतीच, काचेच्या आत होती. बारीक, किंचित पीळ असलेली. मधे एक गाठ. गाठीचं शेपूट डावीकडे. आणि गाठीत अडकलेला एक काळा केस.

अंजूनं बारा सेकंदांऐवजी दोन मिनिटं घेतली. मग नियमाप्रमाणे चकती लाल डब्यात टाकली. भूपेश गाठ मारायला मान इतकी खाली घालायचा की त्याचे दाट काळे केस धाग्यांत यायचे. मामाजी ओरडायचे, “लुगडं विणून राहिला का गंगावन?”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चहाआधीची शेवटची चकती. या वेळी गाठ नव्हती, एक दात होता. डावीकडे कललेला.

पाचव्या दिवशी तिनं मार्तंड सरांना बोलावलं. ते गुणवत्ता खात्याचे प्रमुख, प्रताप नगरात राहणारे, शांत, शिकलेले गृहस्थ. पडद्याआड वाकून त्यांनी चकती बघितली, चष्मा काढून बघितली, मग मोजणीच्या यंत्रात घातली.

“अंजूताई, यंत्र शून्य दाखवतंय. चरा नाही, खड्डा नाही, बुडबुडा नाही. इतकी स्वच्छ चकती आज सकाळपासून निघालेली नाही.”

“सर, चरा नाहीच ना तो. धागा आहे.”

मार्तंड सर थोडा वेळ तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. मास्कमुळे बाकी काही दिसतच नव्हतं.

“तुम्ही दोन दिवस सुट्टी घ्या. डोळे तपासून या,” ते हळू आवाजात म्हणाले. “भूपेश इथेच होता, मला ठाऊक आहे. आम्हीही शोधलं, ताई.”

त्या दिवशीचीही चकती तिनं लाल डब्यातच टाकली. शंका आली की बाद. चुऱ्याच्या यंत्राचा आवाज तिनं कानावर हात ठेवून ऐकला.

डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, नजर विशीतल्या पोरीची आहे. सुट्टीच्या दुसऱ्या संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती. मामाजी मागापाशी होते. रोज धूळ पुसायच्या निमित्तानं ते मागावरून हात फिरवायचे. मागच्या लाकडी रुळावर, जिथे ताणा गुंडाळलेला असतो, तिथे त्यांचा हात थांबला.

“अंजू, मी तुले सांगू का नको सांगू करून राहिलो,” ते म्हणाले. “ताणा कमी होऊन राहिला वं.”

“उंदरानं कुरतडला असन, मामाजी.”

“उंदरानं कुरतडला तं धागे लोंबतेत. हे धागे कसे ताठ हायेत पाय. इकडचं कापड तेवढंच्या तेवढं हाय, मी रोज वीत लावून पायतो. अन्‌ तिकडचा ताणा रोज बोटभर सरकते. मंग सूत चाललं कोठी?” थोडं थांबून ते म्हणाले, “काल-आज मात्र हलला नाई.”

अंजूच्या हातातली मेथी तशीच राहिली. काल आणि आज ती कारखान्यात गेली नव्हती.

तिनं कॅलेंडरचं मागचं पान फाडलं आणि पेनानं दाब देऊन पाचही चकत्यांवरचं काढलं. आधी गाठ, मग चार दात, जसे दिसले तसे. मग मामाजींचं बोट धरून त्या दाबलेल्या रेषांवरून फिरवलं. पहिल्या दातावरच म्हातारा थांबला. उठला, चाचपडत मागापाशी गेला, जिथे तीन वर्षांपूर्वी विणकाम थांबलं होतं तिथला शेवटचा दात बोटानं शोधला, परत आला, पुन्हा कागदावर बोट ठेवलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिथे संपलं होतं आणि इथे सुरू होत होतं.

“पोरगं बसलं हाय,” मामाजी म्हणाले. त्यांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा हसत होता. “कोठी का असंना, मागावर बसलं हाय. तू पायतं तवा ते विणते.”

“अन्‌ मी फोडून टाकले,” अंजू म्हणाली. “एक गाठ अन्‌ चार दात. माह्या हातानं.”

“होऊ दे. लुगड्यात थोडी तूट रायते.” मामाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “आता फोडू नको. ताणा सरला की विणकर उठते. उठून घरी येते. दुसरं काय करन तो?”

त्या रात्री अंजूला तीन वर्षांत पहिल्यांदा सलग झोप लागली.

तिसऱ्या दिवशी कामावर जाऊन तिनं मार्तंड सरांना सांगितलं, डोळ्यांना थोडा शीण होता, आता बरं आहे. चहाआधीची शेवटची चकती तिनं दिव्याखाली धरली. दात होता. तिनं पाहून घेतला, हळूच कॅसेटमध्ये ठेवला, आणि नियम मोडला म्हणून तिला जराही वाईट वाटलं नाही. यंत्र तर म्हणतच होतं की काच स्वच्छ आहे. संध्याकाळी मामाजी दारातच उभे होते. “बोटभर,” ते म्हणाले.

त्यानंतर अंजूनं सुट्टी घेतली नाही. कन्हानला सख्ख्या भाचीचं लग्न होतं, गेली नाही. बहीण रुसली ती रुसलीच. फेब्रुवारीत मळभ आलं, गारा पडल्या. मार्चमध्ये ऊन चढलं. मे महिन्यात बसच्या खिडकीची दांडी हाताला चटके देऊ लागली. एकदा अंगात एकशे दोन ताप होता तरी ती गोळी खाऊन गेली. देवकी म्हणाली, “काहून जीव देऊन राहिली वं? एक दिवस नाही आली तर काच का फुटून जाणार आहे?” अंजू हसली. ज्याचं जळतं त्याला कळतं. एक दिवस ती नाही आली, तर एक दिवस तो उशिरा उठणार होता.

दिवसातले ते बारा सेकंद तिचे होते. काळ्या पडद्याआड, पांढऱ्या दिव्याखाली, ती त्याच्या हाताची चाल बघायची. एखाद्या दिवशी दात घट्ट बसलेला असायचा, तेव्हा तिला वाटायचं, आज स्वारी खुशीत आहे. एखाद्या दिवशी सैल असायचा, तेव्हा ती मनात म्हणायची, थकला वाटतं. ओठ न हलवता ती रोज तेच सांगायची : चहा झाला. आणि रोज तिला ठाऊक असायचं तो काय म्हणेल ते.

जुलै सरला. ताणा पाऊण हात उरला. मग एका सोमवारी मामाजींनी मागावर जुनी चादर टाकली.

“आता तू पाऊ नको,” ते म्हणाले. “सरत्या ताण्याले नजर लागते. मी सांगत जाईन.”

अंजूनं मान डोलावली. जुन्या लोकांच्या रीती असतात. रोज संध्याकाळी मामाजी बोटं दाखवायचे. आज पाच. आज चार. त्यांची बोटं सुजलेली दिसायची, नखांच्या कडा फुटलेल्या. तिनं तेल चोळून दिलं, विचारलंही. ते म्हणाले, “म्हातारपण हाय.” आणि आतल्या आत हसले, सणाचा खाऊ लपवून ठेवलेलं माणूस हसतं तसे.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी तिनं भूपेशचा निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. दूध जास्तीचं घेतलं. निघताना मामाजी म्हणाले, “आज सरते पोरी. एक बोट, मंग आस.”

चहाआधीची शेवटची चकती. तिनं चिमटा नीट धरला. भोकाच्या कडेला एक दात होता आणि त्याच्यापुढे चार सरळ रेषा, लुगडं संपल्यावर घालतात तशा. त्याच्यापुढे काच, नुसती काच. तिनं बारा सेकंद पुरे घेतले आणि चकती कॅसेटमध्ये ठेवली.

“ऊठ आता,” ती म्हणाली. या वेळी आवाज बाहेर फुटला. शेजारच्या पडद्यातून देवकीनं विचारलं, “कोणाले म्हणून राहिली वं?”

तीन वाजता शिफ्ट सुटली. अंजू कार्ड लावून बाहेर आली आणि गेटजवळच उभी राहिली. गेटवर तीन दांड्यांचं फिरतं फाटक आहे. कार्ड लावलं की छोट्या काचेवर हिरव्या अक्षरांत नाव उमटतं, दांडा फिरतो, एक माणूस बाहेर पडतो. माणसं येत राहिली, दांडा फिरत राहिला. मग कोणी येईना.

“काकू, बस सुटून राहिली ना,” वॉचमन पिंटू म्हणाला.

“जाऊ दे. माह्यासोबतचं माणूस यायचं आहे.”

बस गेली. आवारात शुकशुकाट झाला. आभाळ भरून आलं होतं, पण वारा नव्हता.

हिरवी अक्षरं उमटली.

*भूपेश ईश्वरदास निमजे. बाहेर.*

आणि वेळ. तीन वाजून वीस मिनिटं.

फाटकापाशी कोणी नव्हतं. पिंटूनं खुर्चीतून उठून काचेवर टिचकी मारली.

दांडा हलला. सावकाश, कोणी पोटानं रेटावा तसा. तांदळाच्या खळीचा वास आला, नव्या सुताला लावतात त्या खळीचा. अंजूनं दोन्ही हात पुढे केले.

दांडा अर्ध्यावर आला. थांबला.

मग तो थरथरू लागला. तिनं बोटं टेकवली. मागावरचा ताणा ओढून धरल्यावर थरथरतो, तशी ती थरथर होती. कोणीतरी पुढे येऊ बघत होतं. मागून कोणीतरी ओढून धरलं होतं.

“ऊठ ना,” अंजू म्हणाली. “अहो, उठा ना.”

दांडा उलटा फिरला. ते फाटक उलटं फिरत नाही. काचेवरची अक्षरं विझली.

“मशीन बिघडलं दिसते,” पिंटू म्हणाला. त्यानं खुर्ची दोन हात मागे सरकवली.

ती ऑटोनं, मग दुसऱ्या ऑटोनं घरी आली. दार उघडंच होतं. मामाजी मागापाशी जमिनीवर बसले होते, पाय पसरून, दमलेले, चेहरा उजळलेला. चादर बाजूला पडली होती.

“आला का?” त्यांनी विचारलं. “सोबतच आले ना दोघं? पाय म्हणा त्याले, पाय!”

अंजूनं पाहिलं. मागच्या रुळावर ताणा भरलेला होता. नवा, पिवळसर, खळीचा वास येणारा. आणि मागावर, जिथे वीतभर आस उरली होती, तिथे प्रत्येक धाग्याला एक बारीक गाठ होती. शेकडो गाठी. सगळ्यांची शेपटं उजवीकडे.

“पेटीतला ताणा होता, त्यानंच घालून ठेवलेला,” मामाजी सांगत होते. “बारा दिवस लागले वं मले. तू गेली की बसत होतो. चादर टाकली ती त्याच्यासाठीच, तुले चकवाले. म्हटलं पोरगं तिकडून उठून घरी येईन अन्‌ मागावर पायन तं काय, रिकामी आस? बाप जिता असून? आता कसं, आला की बसलाच.”

अंजूनं एका गाठीचं शेपूट बोटानं चाचपलं.

“शेवटची गाठ कधी मारली मामाजी?”

“मंगाशीच तं. ते बाई म्हणे ना, तीन बजकर बीस मिनट.” त्यांनी कौतुकानं घड्याळावर हात ठेवला. “तुयाकडं उठून राहिला असन, अन्‌ माह्याकडं ताणा तयार.”

त्यांना कळलं नव्हतं. तिकडचा माग आणि इकडचा माग एकच आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. साठ वर्षं हातानं जे केलं ते त्यांनी केलं होतं, पोराच्या मायेनं केलं होतं, आणि त्या मायेनं पोराला पुन्हा बसवलं होतं.

अंजूनं स्टूल ओढलं. वरच्या फळीवरून कात्री काढली. ती मागापाशी आली. नव्या धाग्यांवर बोट ठेवलं. धागे ताठ होते.

रूळ तिच्या डोळ्यांदेखत एक केसभर सरकला.

तो बसला होता. बसलेल्या विणकराचा ताणा कापत नाहीत. कापतात तो गेल्यावर. तिनं कात्री परत फळीवर ठेवली.

“तो कोठी हाय वं?” मामाजींचा आवाज उतरला होता. “आला नाई का?”

“येतो म्हणाले,” अंजू म्हणाली. “थोडं काम आहे.” मग तिनं विचारलं, “किती लुगड्यांचा आहे हा ताणा?”

“चार निघतीन आरामात,” मामाजी म्हणाले. “पोराले सूत कमी नाई पडलं पाहिजे.”

चार लुगडी. रोज बोटभर. सोळाशे दिवसांच्या वर. तिनं निळा शर्ट घडी घालून कपाटात ठेवला आणि चहा टाकला. जास्तीचं दूध होतं, ते नासू नये म्हणून.

शनिवारी सकाळी सहाच्या बसनं ती कामावर गेली. गेटवर कार्ड लावलं, दांडा फिरला, आत गेली. झगा, टोपी, मास्क. काळा पडदा.

चहाआधीची शेवटची चकती तिनं उचलली आणि दिव्याखाली तिरपी केली.

भोकाच्या कडेला नवा धागा सुरू झाला होता. तिथे एक गाठ होती. मामाजींची असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण शेपूट डावीकडे होतं. आणि गाठीत एक केस अडकला होता. मामाजींच्या डोक्यावर तर केसच नाहीत.

तिनं या बाजूनं सहा सेकंद पाहिलं, त्या बाजूनं सहा सेकंद पाहिलं. मग चकती कॅसेटमध्ये ठेवली.

केस पांढरा होता.